टक, आणि पुढे काहीच नाही: डब्यांच्या एका गाडीचं प्रकरण

माझ्या गॅरेजला आलेली ही गाडी 2012 सालची. छोटी पेट्रोल हॅचबॅक, पाच गिअर, क्लच केबलवरचा, 94 हजार किलोमीटर झालेली. मालकीण काकू पुण्यात धनकवडीला पोळी-भाजीचे डबे करतात आणि भारती विद्यापीठाच्या आसपास खोल्या घेऊन राहणाऱ्या मुलामुलींना, बालाजीनगरला, पद्मावतीला स्वतः गाडी चालवत पोचवतात. सकाळी अकरा ते दुपारी दीड एक फेरी, संध्याकाळी सात ते साडेनऊ दुसरी. एका फेरीत चौदा थांबे, म्हणजे दिवसातून जवळजवळ तीस वेळा इंजिन बंद करायचं आणि तीस वेळा चालू करायचं. हा आकडा लक्षात ठेवा.

तक्रार एवढीच होती: "दादा, किल्ली फिरवली की कधीकधी नुसतं टक वाजतं आणि पुढे काहीच होत नाही." कधीकधी म्हणजे आठवड्यातून दोनदा-तीनदा. थोड्या वेळानं पुन्हा किल्ली मारली तर लागते, नाहीतर धक्का. धक्का मारायला मुलं असतात, त्यामुळे डबे कधी चुकले नाहीत. पण काकूंनी एक सवय लावून घेतली होती: प्रत्येक थांब्यावर उतार शोधायचा आणि गाडीचं तोंड उताराकडे करून उभी करायची. धनकवडी-आंबेगावच्या बाजूला चढउतार भरपूर, म्हणून ते जमत होतं. पद्मावतीला जिथे रस्ता सपाट आहे तिथे इंजिन चालू ठेवूनच त्या जिना चढायच्या. किल्ली गाडीत, गाडी रस्त्यात, माणूस दुसऱ्या मजल्यावर. हे ऐकल्यावर काम लवकर मार्गी लावायला हवं हे मला कळलं. तरीही मी पहिल्या दिवशी काहीच दुरुस्त केलं नाही. ते का, ते पुढे येईलच.

कामाला हात लावण्याआधी मी जुनी बिलं मागितली. काकूंनी ती झाकणाच्या एका डब्यात तारखेनं लावून ठेवली होती. असा हिशोब ठेवणारं गिऱ्हाईक मिळालं की निम्मं निदान तिथेच होतं. पाच महिन्यांपूर्वी क्लच पूर्ण बदललेला: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग. त्यानंतर महिन्याभरानं बॅटरी नवीन. मग इग्निशन स्विच. मग सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, खोलून कार्बन ब्रश आणि बुशिंग. एकूण अकरा हजारांच्या वर, त्यात क्लचचा खर्च धरलेलाच नाही. आणि आता "सेल्फ पूर्ण नवीनच टाका" असा सल्ला मिळालेला. क्लचच्या कामाबद्दल काकू तोंडानं काहीच बोलल्या नव्हत्या, कारण त्यांच्या लेखी क्लचचा आणि स्टार्ट न होण्याचा काही संबंधच नव्हता. मलाही तेव्हा नक्की दिसत नव्हता. फक्त ज्या तारखेनंतर त्रास सुरू झाला त्या तारखेच्या थोडं आधी गाडीत काय उघडलं गेलं, एवढं मी वहीत लिहून ठेवलं.

आवाजावरून काय कळलं

किल्ली फिरवल्यावर काय ऐकू येतं आणि काय दिसतं, हे मी मालकाला नेहमी नीट विचारतो. टकटकटक अशी लड लागत असेल तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते: सोलेनॉइड (सेल्फवरचा चुंबकी स्विच) आत ओढला जातो, करंट जाताच व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत येतं, पुन्हा ओढला जातो. इथे लड नव्हती, एकच टक होता. मी विचारलं, "त्या वेळी डॅशबोर्डचे दिवे मंद होतात का?" काकू म्हणाल्या, "नाही हो, चांगले लख्ख असतात. म्हणून तर बॅटरी बदलली तेव्हाच मला शंका आली होती."

हे फार मोलाचं उत्तर होतं. सेल्फ जाम असेल किंवा बॅटरी खरंच मेलेली असेल तर दिवे खाली बसतात, कारण बॅटरीतून मोठा करंट ओढला जात असतो. दिवे लख्ख आहेत आणि सेल्फ फिरत नाही, याचा अर्थ करंट जातच नाहीये. वाटेत कुठेतरी अडलाय.

धक्क्यानं गाडी लागते, हीसुद्धा एक चाचणीच आहे. किल्ली ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, गाडीनं थोडा वेग घेतला की क्लच सोडायचा. चाकं गिअरबॉक्समधून इंजिन फिरवतात, म्हणजे सेल्फचं काम चाकं करतात. दर वेळी गाडी लगेच लागत होती. त्यावरून पेट्रोल, ठिणगी, सेन्सर, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) सगळं ठीक आहे हे सिद्ध झालं. इमोबिलायझरचा, म्हणजे किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन चालू न होऊ देणाऱ्या यंत्रणेचा, प्रश्नही बाद. ऑटोमॅटिक गाडीत ही सोय नसते. मॅन्युअल गाडीचा मालक नकळत निम्मा तपास करून येतो, फक्त त्याला तो विचारायला हवा.

एक गोष्ट मात्र मला चुकवायला बघत होती. काकू म्हणाल्या, क्लच दोन-तीनदा दाबला-सोडला की काही वेळा लागते. पुष्कळ गाड्यांत क्लच पेडलला स्विच असतो आणि क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फला करंटच मिळत नाही. तो स्विच घासला की हुबेहूब अशीच लक्षणं येतात. मी पेडलखाली टॉर्च मारून पाहिलं. या गाडीला स्विचच नव्हता. (ज्यांच्या गाडीला तो नसतो त्यांनी न्यूट्रल आणि हँडब्रेक बघूनच किल्ली मारावी. गिअरमध्ये राहिली तर गाडी उडी मारते.) मग क्लच दाबल्यानं फरक का पडतो? हेही वहीत लिहिलं.

पहिल्या दिवसाची मापं

ज्यांना सर्किट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बॅटरीच्या प्लसपासून एक जाड केबल सेल्फवरच्या सोलेनॉइडपर्यंत येते. किल्ली फिरवली की स्विच आणि रिलेमार्गे एक बारीक वायर सोलेनॉइडला करंट देते. तिला मी ट्रिगरची वायर म्हणतो. सोलेनॉइड आत ओढला जातो, बेंडिक्स (सेल्फचं छोटं दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या जड चाकाच्या) रिंगेत सरकतो, आणि त्याच हालचालीत आतले तांब्याचे दोन जाड कॉन्टॅक्ट जोडले जाऊन मुख्य करंट मोटरला मिळतो. छोट्या पेट्रोल इंजिनाला फिरवताना हा करंट शंभर-दीडशे अँपियर असतो. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. विसरली जाते ती परतीची वाट. सेल्फचं अंग हेच त्याचं मायनस. ते गिअरबॉक्सला बोल्टनं कसलेलं, आणि इंजिन-गिअरबॉक्स रबराच्या माउंटिंगवर बसलेलं. रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिनापासून बॉडीपर्यंत किंवा थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत एक अर्थिंगची पट्टी लागते. सेल्फला प्लसकडून जितका करंट येतो, तितकाच या पट्टीतून परत जातो.

सकाळी गाडी थंड असताना बॅटरी मोजली: 12.2 व्होल्ट. चार महिन्यांची बॅटरी आणि चार्ज निम्मा. पूर्ण चार्ज असती तर 12.6 च्या पुढे दिसायला हवी. किल्ली मारली, गाडी पहिल्या झटक्यात लागली. फिरताना बॅटरीवर 9.8. पास होण्याची रेषा 9.6 मानतात, म्हणजे काठावर पास. बॅटरी रात्रभर संथ चार्जला लावली. दुसऱ्या सकाळी 12.7, आणि फिरताना 10.6. बॅटरी चांगली होती, उपाशी होती. ती उपाशी का राहते हा आणखी एक प्रश्न वहीत.

मग सेल्फ फिरत असताना बाकीची मापं घेतली. बॅटरीच्या प्लस खांबापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत 0.18 व्होल्ट पडत होते, म्हणजे वाटेतच वाया जात होते, ठीक. ट्रिगरच्या वायरवर 10.1 पोचत होते, ठीक. बॅटरीचा मायनस खांब ते बॉडी 0.04, उत्तम. आणि मायनस खांब ते इंजिनाचा ब्लॉक: 0.31.

इथे थांबलो. हे माप 0.2 च्या आत असावं, चांगल्या गाडीत ते 0.1 च्याही खाली असतं. 0.31 म्हणजे जास्तच. पण 0.31 नं गाडी बंद पडत नाही. एवढ्यावर ती वर्षानुवर्षं चालू होत राहील.

हे माप मीटर ओहमवर ठेवून मिळत नाही, हे मुद्दाम सांगतो. दीडशे अँपियरच्या वाटेत शंभरावा भाग ओहम इतका अडथळा आला तरी दीड व्होल्ट जातो. आणि साध्या मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवल्या तरी मीटर 0.2 ओहम दाखवतो. बझर वाजतो, माणूस म्हणतो "अर्थिंग ओके". बझरला पाव मिलिमीटर तांब्याचा एक धागा पुरतो, सेल्फला पुरत नाही. जाड वायरीची तपासणी करंट वाहत असतानाच आणि व्होल्टवरच करायची. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना पहिल्या आठवड्यात मी हेच शिकवतो.

पट्टी साफ का केली नाही

त्या क्षणी सोपं काम समोर होतं: अर्थिंगची पट्टी सोडायची, पॉलिश पेपर मारायचा, कसायची, दोनशे रुपये घ्यायचे. मी ते केलं नाही, आणि या सगळ्या प्रकरणात मला सांगायचंय ते हेच. अधूनमधून येणारा बिघाड बिघडलेल्या अवस्थेत दिसल्याशिवाय काहीही हलवायचं नाही. बॅटरी बदलली तेव्हा गाडी बारा दिवस बिनतक्रार चालली होती. स्विच बदलला तेव्हा आठ दिवस. ब्रश बदलले तेव्हा तीन आठवडे. प्रत्येक वेळी वाटलं, झालं काम. कारण प्रत्येक दुरुस्तीत बॉनेटखाली काहीतरी हललं, बॅटरीचे खांब सुटले-कसले, सेल्फ उतरला-चढला. मीही पट्टी साफ केली असती आणि गाडी महिनाभर चालली असती, तर दोष पट्टीत होता की सेल्फच्या झिजलेल्या कॉन्टॅक्टमध्ये, हे मला कधीच कळलं नसतं. आणि एखाद्या पावसाळी रात्री साडेनऊला काकू पुन्हा अडकल्या असत्या.

पण ज्या बाईचं पोट त्या गाडीवर आहे तिला "आणखी थोडे दिवस अशीच चालवा" असं सांगणं सोपं नसतं. मी त्यांना बसवून खरं ते सांगितलं: मला संशय आहे, पुरावा नाही. चार दिवस द्या, पुरावा तुम्हीच आणायचा. काकूंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "इतके महिने दिलेत, चार दिवस काय जड आहेत. पण मला नक्की काय बघायचं ते लिहून द्या." इंजिन चालू ठेवून जिना चढायचा नाही, हे मात्र मी कबूल करून घेतलं. सपाट जागा टाळा, नाहीतर मला फोन करा.

मग दोन बल्ब लावले. पार्किंग लाइटचे साधे 12 व्होल्ट, 5 वॅटचे बल्ब, होल्डरसकट. पहिला ट्रिगरच्या वायरवरून थेट बॅटरीच्या मायनसला, मध्ये छोटा फ्यूज. दुसरा इंजिनाच्या ब्लॉकवरून थेट बॅटरीच्या मायनसला. दोन्ही वायरी बॉनेटच्या कडेनं खिडकीतून आत घेतल्या आणि बल्ब डॅशबोर्डवर चिकटपट्टीनं बसवले. पहिल्याखाली लिहिलं "1", दुसऱ्याखाली "2".

हिशोब साधा आहे. किल्ली फिरवल्यावर 1 पेटायलाच हवा. टक होऊन गाडी अडली आणि 1 पेटला नाही, तर दोष स्विच, रिले किंवा ट्रिगरच्या वायरीत. 1 पेटला, 2 विझलेला, तर दोष सेल्फच्या आत किंवा प्लसच्या जाड केबलमध्ये. आणि 2 पेटला, तर इंजिन आणि बॅटरीचा मायनस यांच्यात व्होल्टेज आहे. तिथे ते इतकं कधीच असता कामा नये. 0.31 व्होल्टवर 5 वॅटचा बल्ब लालसुद्धा होत नाही. तो डोळ्यांना दिसेल इतका पेटला तर वाट तुटली आहे असंच समजायचं.

सूचना एका कागदावर लिहून दिल्या. शेवटची ओळ मोठ्या अक्षरात: बल्ब 2 पेटला तर क्लच दाबू नका, धक्का मारू नका, बॉनेट उघडू नका, फोन करा.

तिसरा दिवस

फोन दुपारी पाऊण वाजता आला. "दादा, दोन नंबर पेटलाय. पिवळा. एक नंबर तर लख्ख आहे." जागा विद्यापीठाच्या मागच्या बाजूच्या एका गल्लीत, नववा थांबा. मी मीटर, जंपर केबल आणि टॉर्च घेऊन स्कूटरवर वीस मिनिटांत पोचलो. मुलं जेवणासाठी खाली उतरलेली. चौघं धक्का मारायच्या तयारीत मागे उभी आणि काकू त्यांना हातानं थोपवून धरतायत. एक मुलगा स्वतःचा डबा काखेत धरूनच उभा होता.

इंजिन तापलेलं. काहीही न हलवता, बॉनेट अलगद उघडून मीटरच्या पिना लावल्या आणि त्या डबेवाल्या मुलाला किल्ली फिरवायला सांगितली. टक. बॅटरीच्या खांबांवर 12.2. ट्रिगरच्या वाटेत पडलेले 0.5. आणि मायनस खांब ते ब्लॉक 6.4 व्होल्ट.

सोलेनॉइडला किती उरले? 12.2 मधून 6.4 आणि 0.5 गेले, हातात 5.3. साधारण सात-आठ व्होल्टच्या खाली सोलेनॉइड पूर्ण ओढला जात नाही. तो अर्धाच सरकत होता, तो टकचा आवाज. आतले जाड कॉन्टॅक्ट जुळतच नव्हते, म्हणून मोठा करंट नाही, म्हणून दिवे लख्ख. काकूंनी पहिल्या दिवशी सांगितलेलं प्रत्येक वाक्य त्या एका आकड्यात बसलं.

मग मी स्वतः बसून क्लच दाबला. सूचनेत मनाई होती, पण आता मीटर लावलेला होता. किल्ली धरून ठेवली आणि क्लच हळूहळू दाबत गेलो. आकडा 6.4 वरून 5 वर आला, परत 6 वर गेला, आणि एका ठिकाणी धाडकन 0.4 होऊन सेल्फ फिरला. क्लच दाबला की केबलचा ताण गिअरबॉक्सवर येतो आणि तो माउंटिंगवर केसभर हलतो. अर्थिंगची पट्टी गिअरबॉक्सवरच कुठेतरी ढिली आहे, हे तिथेच ठरलं.

खात्री म्हणून इंजिन बंद केलं आणि पुन्हा बिघाड यायची वाट पाहिली. सहाव्या किल्लीला टक आला, आकडा पुन्हा सहाच्या वर. या वेळी काहीही न हलवता जंपर केबलचा एक चिमटा बॅटरीच्या मायनसला आणि दुसरा ब्लॉकच्या उघड्या बोल्टला लावला. पहिल्या झटक्यात गाडी लागली. पाच थांबे बाकी होते. जंपर काढला नाही, पंख्यापासून लांब पक्का बांधून दिला आणि काकूंना सांगितलं, फेरी संपवून थेट गॅरेजला या.

काय सापडलं

बॅटरीचा ट्रे काढला तेव्हा पट्टी दिसली. बॉडीकडचं टोक ठीक होतं. गिअरबॉक्सकडचं टोक त्याच्या मूळ जागी नव्हतंच. कंपनीनं ती पट्टी गिअरबॉक्सच्या अॅल्युमिनियमवर, मशीननं साफ केलेल्या उघड्या गोल जागेवर बसवली होती. ती जागा रिकामी, आणि भोकाचे आटे गेलेले. पट्टी शेजारच्या माउंटिंगच्या लोखंडी ब्रॅकेटवरच्या एका मोकळ्या भोकात अडकवलेली. ब्रॅकेटला दोन्ही बाजूंनी काळा रंग. बोल्ट बाराच्या पान्यानं अर्धा फेरा सहज फिरला. खाली रंग, मध्ये गंज, स्प्रिंग वॉशर नाही.

काय झालं असावं ते समजायला कठीण नाही. क्लचसाठी गिअरबॉक्स खाली घेताना पट्टी सोडावीच लागते. परत बसवताना अॅल्युमिनियमचे आटे गेले, आणि काम करणाऱ्यानं जवळचं भोक धरलं. लोखंडच आहे, करंट जाईल, असा विचार. पहिला महिना गेलाही. मग पावसाळा आला, रंगाखाली गंज धरला, आणि रोजच्या साठ-सत्तर हादऱ्यांनी बोल्ट ढिला होत गेला. इंजिन चालू होताना आणि बंद होताना सगळ्यात जास्त डुलतं, आणि या गाडीच्या नशिबी ते दिवसातून तीस-तीस वेळा होतं.

आता वहीतले राहिलेले प्रश्न. बॅटरी उपाशी का राहत होती? बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही इंजिनावरच कसलेला असतो, त्याचा करंटही याच पट्टीतून बॅटरीकडे वळसा पूर्ण करतो. संपर्क बिघडला की चार्जिंग आपोआप कमी. म्हणजे बदललेली जुनी बॅटरी कदाचित चांगली असेल, आणि नवीही त्याच वाटेला लागली होती.

गाडी तापल्यावरच त्रास जास्त का? तांब्याचा अडथळा तापमानाच्या दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वाढतो. इंजिनाच्या अंगाला चिकटलेला सोलेनॉइड 25 अंशांवरून 85 वर गेला की त्याच्या वेटोळ्याचा अडथळा जवळजवळ पाव हिश्शानं वाढतो आणि ओढ कमी होते. थंड असताना काठावरचं जे व्होल्टेज चालून जातं, ते नवव्या थांब्यावर पुरत नाही. म्हणून सकाळी गॅरेजमध्ये मी तीसदा किल्ली मारली तरी बिघाड आला नाही.

आणि एक गोष्ट जिची तक्रारच कुणी केली नव्हती. पट्टीची वाट बंद झाली तरी सोलेनॉइड टक करण्याइतका करंट कुठून तरी परत येत होता. कुठून? क्लचची केबल काढली. तिचं एक टोक गिअरबॉक्सवर, दुसरं बॉडीवर, आत लोखंडी तार. बॉडीच्या पत्र्यातून ती जिथे आत शिरते तिथलं प्लॅस्टिकचं वेष्टण वितळून पत्र्याला चिकटलेलं, आतल्या तारेवर निळसर डाग. केबल दोन्ही हातांत धरून ओढली तर मधेच अडकत होती. काकूंना विचारलं, "क्लच जड झालाय का?" त्या म्हणाल्या, "झालाय ना. पण माझाच गुडघा दुखतो म्हणून मला वाटलं." सेल्फचा आणि चार्जिंगचा करंट त्या केबलमधून जात होता, आणि ती आतून भाजत होती. आणखी काही महिन्यांत ती भर रस्त्यात तुटली असती, आणि तेव्हा धक्क्यानंही काही झालं नसतं.

दुरुस्ती

अॅल्युमिनियमचं भोक साफ करून त्यात हेलिकॉइल (आटे नवे करणारी तारेची गुंडाळी) बसवली, मूळ मापाचे आटे परत मिळाले. बसायची जागा बारीक पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासली. जुनी पट्टी वाकवल्यावर कडकड वाजत होती, आतले धागे हिरवे पडलेले, म्हणून ती टाकली. नाना पेठेतून 25 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल आणली, दोन्ही टोकांना तांब्याचे लग (बोल्टखाली बसणारी भोकाची टोकं) दाबून क्रिंप केले, वर स्लीव्ह चढवली. स्प्रिंग वॉशरसह बोल्ट कसला आणि कसून झाल्यावर वरून व्हॅसलिन लावलं. व्हॅसलिन आधी लावायचं नाही, धातूला धातू भिडल्यावर बाहेरून लावायचं, पाणी शिरू नये म्हणून. क्लचची केबल नवीन. ब्रॅकेटवरचं भोक एका रबरी बुचानं बंद केलं, म्हणजे पुढच्या वेळी गिअरबॉक्स उतरवणाऱ्याला ते सोयीचं वाटणार नाही.

सेल्फला हात लावला नाही. तो चांगला होता.

क्लचची केबल, अर्थिंगची केबल, हेलिकॉइल आणि मजुरी मिळून 2,350 रुपये झाले. आधी खर्च झालेल्या अकरा हजारांबद्दल काकू काही बोलल्या नाहीत. मी मात्र त्यांना सांगितलं की जुनी बॅटरी परत दिली नसेल तर एकदा तपासायला आणा. ती त्यांनी इन्व्हर्टरवाल्याला देऊन टाकली होती.

शेवटची मापं इंजिन पूर्ण तापवून घेतली. सेल्फ फिरताना मायनस खांब ते ब्लॉक 0.06. बॅटरीवर 10.9. इंजिन चालू असताना हेडलाइट आणि ब्लोअर लावून बॅटरीच्या खांबांवर 14.1. दोन्ही बल्ब आणखी पंधरा दिवस डॅशबोर्डवर राहू दिले. काकू रोज रात्री एक मेसेज करायच्या: "आज 28 वेळा. दोन नंबर नाही." पंधराव्या दिवशी बल्ब काढले.

गेल्या महिन्यात ऑइल बदलायला गाडी आली तेव्हा तेच माप पुन्हा घेतलं, 0.07 भरलं. गाडी न्यायला काकू आल्या, डब्यांची पिशवी मागच्या सीटवर ठेवली आणि जाताना म्हणाल्या, गुडघा बराच बरा आहे आता.